मामांच्या गाडीचं बॉनेट

३ एप्रिल, गुरुवार

आजपासून रोजनिशी. जबाबदारी आली आहे. जबाबदारी लिहून ठेवली की निम्मी तिथेच पार पडते.

सासरे आणि सासूबाई, म्हणजे गहिनीनाथमामा आणि मनकर्णामामी, सकाळी मिरजगावहून आले. दसऱ्याला घेतलेली नवी मरून गाडी आमच्या बिल्डिंगमध्ये लावली आणि नगरहून सुटणाऱ्या यात्रेच्या बसने गेले. उज्जैन, काशी, अयोध्या, गया आणि पुढे बरंच. पंचवीस तारखेला परत. तोवर किल्ली माझ्याकडे. आदिनाथकडे, म्हणजे स्वतःच्या मुलाकडे नाही. जावयाकडे. यातच सगळं आलं.

किल्ली देताना मामा म्हणाले, "पाव्हनं, वापरा बिनधास्त. अश्विनीला कुटं न्यायचं-आनायचं झालं तर बरी पडंल." हे म्हणायचं म्हणून म्हणतात. बोलण्यामागचं ओळखायला नजर लागते. मी नागापूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे. ओरखडा असलेला पार्ट माझ्या टेबलावरून पुढे जात नाही. मामांना हे पक्कं माहीत आहे, म्हणून तर गाडी इथे ठेवली.

संकल्प: गाडी अजिबात वापरायची नाही. उन्हात ठेवायची नाही. दर रविवारी धुवायची. परत देताना शोरूममधून आल्यासारखी दिसली पाहिजे.

बिल्डिंगच्या कडेला उंबराचं मोठं झाड आहे, त्याखाली लावली. गार सावली. एवढी चांगली जागा असून तिथे कुणीच गाडी लावत नाही. लोकांना डोकं नाही.

५ एप्रिल, शनिवार

बॉनेटवर बरोबर मधोमध पक्ष्याची घाण. एकाच पक्ष्याची, पण भरपूर. उंबराच्या बियांसकट.

अश्विनी गॅलरीतून म्हणाली, आत्ताच पुसून टाका. मी सांगितलं, धुण्याचा वार रविवार. सिस्टीम एकदा मोडली की मोडतच जाते.

मामांचा उज्जैनहून फोन. "समदं बरं हाय ना?" मी म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास. मामा म्हणाले, "तिला उन्हात फिरू दिऊ नका." मी म्हटलं, छे, सावलीतच आहे, जागेवरून हलवतसुद्धा नाही. मामा जरा थांबले. मग "बरं" म्हणाले.

जीव अडकलाय माणसाचा गाडीत.

अश्विनीला दोन-तीन दिवस चक्कर येते आहे. ऊन फार आहे यंदा.

६ एप्रिल, रविवार. दुपार

गाडी धुतली. डाग निघेना. दुपारनंतर उंबराखाली कडक ऊन येतं हे आज कळलं. घाणीचं पार सिमेंट झालं होतं. शेवटी भांड्यांची हिरवी घासणी आणली. दोन मिनिटांत साफ.

खाली मात्र त्याच आकाराचा फिकट ठसा राहिला आहे. कडा जरा उचललेल्या. आणि भोवती बारीक गोल गोल ओरखडे. ओरखडे आधीचेच असणार. शोरूमवाले गाड्या कशा धुतात ते मी पाहिलंय.

तिरकं पाहिलं तरच दिसतं. सरळ पाहिलं तरही दिसतं, पण कमी. मामा गाडीकडे सरळ पाहतात.

७ एप्रिल, सोमवार

व्हिडिओ पाहिला. पक्ष्याच्या विष्ठेत आम्ल असतं. उन्हात गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, मऊ होतो आणि विष्ठा त्याला खाते. म्हणजे यात माझी काही चूक नाही. हे कळल्यावर फार बरं वाटलं.

उपाय: टूथपेस्ट. लावून घासली. घरातली ट्यूब संपली. संध्याकाळी अश्विनी दात घासायला गेली तेव्हा चिडली. वास मात्र छान येतो आहे. डाग आहे. डागाभोवती आता पांढरट ढग आहे.

८ एप्रिल, मंगळवार

रोगाच्या मुळाशी जायचं ठरवलं. तळमजल्यावरच्या झुंबरबाई. रोज सकाळी उंबराखाली बाजरी टाकतात, मातीच्या परळात पाणी ठेवतात. कबुतरं, साळुंक्या, बुलबुल, सगळी जमात जमते. खाली नाश्ता, वर फांदीवर विश्रांती, मधे आमचं बॉनेट.

त्यांना शांतपणे समजावलं की तुमच्यामुळे गाडीचा क्लिअर कोट जातो आहे. त्या म्हणाल्या, "काय जातंय?" पुन्हा समजावलं. त्या म्हणाल्या, "पाखरू काय बघून हगतं का बाबा. गाडी उचल की तितनं." मी म्हटलं, सावलीचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, "मग सावली पायजे तर पाखरू बी येनारच. झाड काय तुज्या एकट्याचं हाय?"

अशा माणसांशी तांत्रिक विषय बोलून उपयोग नाही. गाडी तिथेच ठेवणार. मागे हटणं म्हणजे चूक कबूल करणं.

१० एप्रिल, गुरुवार

मामांनी जाताना मळ्यातल्या लिंबांची पिशवी दिली होती. सरबत करून पीत जा म्हणून अश्विनीला बजावून गेले होते. त्यातली निम्मी लिंबं आज कामी आली. एका ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, लिंबू आणि खायचा सोडा, कुठलाही डाग जातो. पहिल्या शिफ्टला जाण्याआधी डागावर जाड लेप दिला. म्हटलं दिवसभर मुरू दे.

संध्याकाळी पाहिलं. पूर्वी डाग रुपयाएवढा होता. आता ताटाएवढा भाग निस्तेज झाला आहे. एक फायदा आहे: मूळचा डाग आता वेगळा ओळखू येत नाही.

रात्री दोनदा टॉर्च घेऊन खाली जाऊन पाहून आलो. झोप येत नव्हती म्हणून.

११ एप्रिल, शुक्रवार

आमच्या कंपनीच्या पेंट शॉपमधला ओंकार. त्याला फोटो दाखवला. म्हणाला, "रबिंग कंपाउंड मार. ड्रिलला बफ लाव, दहा मिनिटांत आरसा होतो." मी म्हटलं, खात्री आहे ना. म्हणाला, "आयुष्य गेलं यात." ओंकार लोखंडी रॅकला रंग देतो, पण रंग तो रंग. कंपाउंडचा डबा, ड्रिल आणि घासायची लोकरी चकती, म्हणजे बफ, दिला त्याने.

अश्विनीला आज डॉक्टरकडे न्यायचं होतं. बफ बघायला ओंकारकडे गेलो त्यात वेळ गेला. ती रिक्षाने जाऊन आली. रक्त तपासायला दिलं आहे म्हणे. ती म्हणाली, गाडी दारात उभी होती. मी सांगितलं, बॉनेट अशा अवस्थेत असताना गाडी बाहेर काढली आणि मिरजगावच्या कुणी पाहिली तर. ती आत जाऊन पडली. म्हणजे पटलं.

१२ एप्रिल, शनिवार

बफिंग.

सुरुवात अतिशय चांगली. बॉनेट एवढं चमकलं की त्यात उंबराची पानं दिसू लागली. झुंबरबाईसुद्धा बघायला आल्या. मी म्हटलं, अजून जरा. ड्रिल जोरात दाबलं. जळका वास आला. मग चमकणाऱ्या भागाच्या मधोमध करडं काहीतरी दिसू लागलं.

ओंकारला फोन केला. म्हणाला, "प्रायमर दिसाया लागलं का? आयला. जास्त दाबलंस. आमच्या रॅकला असं होत न्हाई."

फोन ठेवून दिला.

क्लिअर कोट गेला, रंग गेला, आता प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर. खरं तर याचा अर्थ असा की आपण तळापर्यंत पोचलो आहोत. याच्या खाली नुसता पत्रा.

१३ एप्रिल, रविवार

व्हिडिओप्रमाणे कडा पॉलिश पेपरने समान केल्या. एक कड समान केली की तिची पुढची कड दिसते. तिला समान केलं की त्यापुढची. दुपारपर्यंत करड्या भागाने हेडलाइट गाठला. थांबलो. थांबता आलं याचा अभिमान आहे.

मामांचा काशीहून फोन. आवाज खोल. म्हणाले, "काल तिच्या नावानं अभिषेक घातला. गुरुजीला सांगितलं, जरा नीट मंत्र म्हना, नजर लागल्यासारकं वाटतंय मला."

गाडीच्या नावाने काशीत अभिषेक. एवढं प्रेम मी कुणावर कधी केलं नाही.

मी म्हटलं, मामा, कशाला एवढी काळजी, रोज दोन वेळा बघतो, हात फिरवतो. मामा म्हणाले, "तुमी हाय म्हनून जीव थाऱ्यावर हाय, पाव्हनं." मग म्हणाले, अश्विनीला द्या. तिने नेहमीप्रमाणे "मी बरी आहे दादा, तुम्ही दर्शन घ्या निवांत" म्हटलं. फोन ठेवल्यावर तिला विचारलं, तू का नाही सांगितलंस. म्हणाली, "यात्रेत आहेत. काळजीने परत फिरतील."

बरोबर आहे तिचं. बॉनेटबद्दल अवाक्षर काढायचं नाही. या बाबतीत आमच्या दोघांचं एकमत आहे.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. माळीवाड्याकडे रंगाच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, कलर कोड सांगा, दार उघडल्यावर पट्टीवर असतो. कोड बघायला परत घरी कोण जाणार. मी म्हटलं, मरून. तो म्हणाला, मरूनमध्ये लई प्रकार आहेत. मी म्हटलं, मला क्वालिटीतला माणूस समजा, माझ्या डोळ्यात बसलाय तो रंग. स्प्रेचा डबा घेतला. झाकणावरचा रंग हुबेहूब आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

झाकण हुबेहूब होतं.

आतला रंग वांग्यासारखा निघाला. गाडी मरून, बॉनेटचा डावा भाग वांगी, मधे करडी कड. अश्विनीने खाली येऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "दादांना फोन करून सरळ सांगा. ते रागावणार नाहीत." तिला तिचे वडील फक्त वडील म्हणून माहीत आहेत. माझं तसं नाही. लग्नानंतर पहिली तीन वर्षं मामा माझ्याशी फक्त पावसापाण्याचं बोलले. आता कुठे किल्ली दिली आहे. मी काय फोनवर सांगू, की एक साळुंकी बसली होती?

नाही सांगणार. दुरुस्त करणार.

१६ एप्रिल, बुधवार

स्वाभिमान बाजूला ठेवला आणि नगर-मनमाड रोडवरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे फोटो घेऊन गेलो. तो जेवत होता. जेवता जेवता फोटो बघितला आणि विचारलं, "ॲक्सिडेंट कुठं झाला?" मी म्हटलं, ॲक्सिडेंट नाही, पक्षी. तो म्हणाला, "केवढा पक्षी?"

सगळं बॉनेट खरवडून पुन्हा करावं लागेल म्हणाला. पण लग्नसराई आहे, दारात नवरदेवांच्या गाड्या उभ्या आहेत, महिनाअखेरीशिवाय हात लावता येणार नाही. मी विनंती केली. हो, विनंती. तो म्हणाला, "साहेब, तुमीच थोडं थोडं करताय की. करा."

टोमणा असावा. पण त्यातून एक मार्ग सुचला. रंग जुळत नाही म्हणजे काय, तर बॉनेटचे दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत. पूर्ण बॉनेट वांगी केलं तर ते स्वतःशी तरी जुळेल. हल्ली दोन रंगांच्या गाड्या येतात. फॅशन आहे.

१७ एप्रिल, गुरुवार. सकाळ

रजा टाकली. कारण: घरगुती.

संपूर्ण बॉनेटला वांगी रंग. लांबून उत्तम. फार लांबून तर अप्रतिम. वाळायला ठेवून वर गेलो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

वावटळ आली होती. बॉनेटवर धूळ, बाजरीची टरफलं, उंबराचं एक पान. आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साळुंकीच्या पायांचे ठसे. मधे एका जागी ती थांबली असावी. तिथे ठसे फिरलेले आहेत आणि शेजारी तेच. ताजं.

झुंबरबाईंच्या परळातलं पाणी ओतून दिलं. त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी तांब्या आणून परळ पुन्हा भरला. मी गाडीला टेकून तिथेच खाली बसलो. मग त्यांनी मलाही पाणी आणून दिलं. प्यायलो.

आज काय ठरवायचं ते सुचत नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

मामांचा फोन. रविवारी येत आहेत. पंचवीसला नाही. वीसला. गयेहून पुढची ठिकाणं सोडली, दुसऱ्या बसने निघालेत. मामी ऐकत नाहीत म्हणाले, सारखं घरी चला, घरी चला. मी म्हटलं, ऊन सोसत नसेल. मामा म्हणाले, "उनाचं न्हाई. तिला सपनं पडत्यात." मग हळूच म्हणाले, "खरं सांगा पाव्हनं. बरी हाय ना? काय लपवत न्हाई ना तुमी?"

अगदी ओठावर आलं होतं. पण मी म्हटलं, मामा, होती त्यापेक्षा छान दिसते आहे. दोन दिवसांपासून रंगच बदललाय तिचा. मामा म्हणाले, "तब्येत भरली व्हय?" काय विचारलं ते कळलं नाही, रेंज नसावी. मी म्हटलं, हो.

सोमवारी मिरजगावला मावंदं. काशीहून गंगा आणली की गावजेवण करावंच लागतं. आम्ही गाडी घेऊन यायचं आहे. सगळा गाव असणार.

अश्विनीचा रिपोर्ट आला. रक्त बरंच कमी आहे, चक्कर त्यामुळेच. गोळ्या दिल्यात आणि खजूर खायला सांगितला आहे. येताना खजूर आणणे. थिनर आणणे.

१९ एप्रिल, शनिवार

थिनर आणला.

पायांचे ठसे थिनरने अलगद पुसायचे असं ठरलं होतं. अलगदच पुसले. ठसे तळाशी तसेच राहिले. पूर्ण रंगाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. बोट लावलं की साय सरकते. ओंकारला विचारलं, म्हणाला, असं कधी बघितलंच नाही. फोटो मागितला, त्यांच्या ग्रुपवर टाकायला.

आता साय दाबून बसवायची तर वर जाड कोट. उरलेला डबा पूर्ण मारला. संध्याकाळपर्यंत वरून वाळल्यासारखं वाटलं. आत ओलं आहे. जेवण गेलं नाही. अश्विनीने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, मी आता थोडी पडते, उभं राहवत नाही. म्हटलं, पड. माझीही तीच स्थिती आहे.

खजूर राहिला.

२० एप्रिल, रविवार

मामा-मामी पहाटे मिरजगावला पोचले. आदिनाथने घरी नेलं. इकडे मी सकाळपासून बॉनेटसमोर.

पर्याय मांडले. एक, गाडी चोरीला गेली म्हणून सांगणे. पोलीस येतात. दोन, गाडी बंद पडली म्हणून सांगणे. आदिनाथ टोचन लावून ओढत न्यायला येईल. तीन, मी आजारी पडणे. मी खरंच आजारी आहे, पण दिसत नाही.

दुपारी अचानक सुचलं. एवढं साधं. फुलं. काशीहून आलेल्या माणसांच्या गाडीला फुलं लावली तर कोण काय म्हणणार आहे? मार्केटयार्डातून झेंडूच्या माळा आणल्या आणि त्यांची चादर विणायला बसलो, बॉनेटच्या मापाची, चारही कडा झाकणारी. अश्विनी आधी नुसती बघत होती. मग दोरा ओवून द्यायला बसली. कितीतरी दिवसांनी असे शेजारी बसलो. ती म्हणाली, "बाहेरून किती छान दिसतंय." मी म्हटलं, झाकलं की सगळं छानच दिसतं. तिने सुईत दोरा ओवला.

उद्या फुलं काढायची नाहीत. ती गाडीवरच वाळू द्यायची. श्रद्धेचा विषय म्हटलं की कुणी हात लावत नाही. पुढचं पुढे.

२१ एप्रिल, सोमवार. संध्याकाळ. मिरजगाव

सगळं घडलं तसं लिहितो.

सकाळी निघालो. सोलापूर रोडने रुईछत्तिशीपर्यंत काहीच नाही. पुढे ऊन वाढलं, इंजिनही तापलं. रंगाचा वास येऊ लागला, त्यात झेंडूचा वास. अश्विनीने ओढणी नाकाला लावली. तिला मळमळत होतं. दोनदा थांबलो. फुलं जागची हलत नव्हती. वाऱ्यानेसुद्धा नाही. मला वाटलं, विणकाम चांगलं झालं आहे.

दारात मांडव, हलगी वाजत होती. मामा-मामी पाटावर बसलेले, बायका त्यांचे पाय धूत होत्या. गाडी पाहून मामा उठले. एवढी फुलं. डोळे भरून आले त्यांचे. मला पोटाशी धरलं, सगळ्या गावासमोर. म्हणाले, "पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं." आदिनाथ मागे उभा होता, तो खाली बघत होता. एका म्हाताऱ्याने बॉनेटवरच्या फुलांना हळदीकुंकू वाहिलं. दुसऱ्याने नारळ ठेवला. मी म्हणेन, अर्धा तास तरी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला गेला.

मग गंगेच्या कलशांची पूजा निघाली. मामी म्हणाल्या, "जावयानं आनलेली फुलं हायती, तीच वाहू." मी पुढे झालो. म्हटलं, नको मामी, वाळू द्या. त्या म्हणाल्या, "वाळून काय करायची, देवाला चढू द्या." आणि चादरीची कड धरून उचलली.

चादर आली. खाली रंगही आला. दुधाची साय भांड्यावरून निघावी तसा मोठा पापुद्रा, झेंडूला चिकटलेला. काही फुलं तिथेच बॉनेटवर रुतून राहिली, देठ तेवढे वर. मधे करडा प्रायमर. त्यावर साळुंकीच्या पायाचे ठसे, अजून स्पष्ट. नारळ घरंगळत खाली गेला.

हलगीवाला थांबला.

मी बोलायला सुरुवात केली. पक्षी, आम्ल, क्लिअर कोट. उंबर. कलर कोड. आवाज कुठून येतोय तेच मला कळत नव्हतं. मामांनी जवळ येऊन बॉनेटवर हात ठेवला. हाताला वांगी रंग लागला, तो त्यांनी धोतराला पुसला. मग म्हणाले, "जेवून घ्या आदी. लोकं खोळंबल्यात."

पंगतीला मला मधल्या जागी बसवलं. समोरच्या ओळीत अश्विनी आणि मामी. मामा वाढप्यांना बाजूला करून माझ्यासमोर उकिडवे बसले. राग नव्हता चेहऱ्यावर. तेच सहन होईना. मी म्हटलं, मामा, मी नवी करून देतो, जशीच्या तशी.

मामा म्हणाले, "गाडीचं ऱ्हाऊ द्या हो. पत्राच हाय तो. मला एक सांगा. मी दर फोनला इचारत हुतो, बरी हाय का. उन्हात फिरत न्हाई ना. तुमी म्हनायचे, सावलीत हाय, दोन टाइम बघतो, रंग बदललाय. ते समदं गाडीचं सांगत हुते का तुमी?"

मी म्हटलं, हो. म्हणजे, तुम्ही गाडीचंच.

"मी हिचं इचारत हुतो," मामा म्हणाले. "जातानाच पांढरी पडल्याली दिसली मला. गाडी त्याच्यासाठीच ठिवली हुती."

मी पानात पाहिलं. बुंदी होती.

मामा वळले. समोरच्या ओळीकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "अशू, बरी हायेस का गं तू तिकडं?"

पंगत थांबली. मामींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

अश्विनी हो म्हणाली.

पण लगेच नाही. बराच वेळ लागला तिला. तोंडात घास असावा.